नाक कुणाचं, तोंड कुणाचं?

'नाक दाबलं की तोंड उघडतं' ही म्हण आपल्या मंडळींची फार लाडकी. जगात कुठेही युद्ध सुरू झालं की चार-पाच दिवसांत ती ऐकू यायला लागते. टीव्हीवरच्या चर्चेत, लग्नाच्या पंगतीत, पुण्यातल्या ऑफिसात आणि आमच्या कवठे येमाईच्या स्टँडवर चहाच्या टपरीतही. सैन्य कशाला पाठवायचं? माणसं कशाला मारायची? त्यांचा व्यापार तोडा, बँका गोठवा, तेल विकू देऊ नका, येतील वठणीवर! असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सज्जन असतो. त्याला रक्तपात नको असतो आणि अन्याय करणाऱ्याला मोकळं सोडणंही पटत नसतं. मग मधला मार्ग म्हणून त्याला आर्थिक निर्बंध सुचतात.

माझं भांडण या सज्जन माणसाशीच आहे. (त्यातले निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि हे वाचणार आहेत, तेव्हा जपून लिहितोय.) म्हणीत नाक आणि तोंड एकाच माणसाचं असतं, म्हणून ती खरी ठरते. देशाच्या बाबतीत नाक एकाचं आणि तोंड भलत्याचंच. ज्याचं नाक दाबलं जातं त्याला कुणी काही विचारत नाही आणि ज्याला विचारायचं तो निवांत श्वास घेत बसलेला असतो.

उगाच लांब जायला नको, पोटॅशपासून सुरुवात करू.

२०२२ साली म्युरेट ऑफ पोटॅशचं पन्नास किलोचं पोतं सतराशे रुपयांवर गेलं. आदल्या वर्षी ते हजाराच्या आत-बाहेर होतं. शिवाय नुसतं पोतं मिळेना. 'लिंकिंग' नावाचा प्रकार शेतकऱ्याला सांगायला नको. एका पोत्याबरोबर न मागितलेली एखादी बाटली गळ्यात पडते. कवठ्याच्या शिवारात ऊस, कांदा, डाळिंब. तिघांनाही पालाश लागतो. सुरू उसाला शिफारस आहे हेक्टरी ११५ किलो पालाशची, म्हणजे एकरी साधारण दीड पोतं पोटॅश. आमच्या अप्पांनी (म्हणजे माझ्या चुलत्यांनी) त्या वर्षी त्याच्या निम्मंच घातलं. "लढाई तिकडं अन् पोटॅश आमचं का महाग?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. घरात सगळ्यात जास्त पेपर मी वाचतो या समजुतीने तो मला विचारला गेला.

उत्तर असं आहे. पोटॅश जमिनीतून काढतात आणि जगातलं बहुतेक पोटॅश कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांतून येतं. आपल्याकडे खाण नाही, जवळजवळ सगळा माल आयात. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर लुकाशेंको खुर्चीला चिकटून बसले, विरोधकांना तुरुंगात टाकलं, मे २०२१ मध्ये तर एका पत्रकाराला पकडण्यासाठी आकाशातून जाणारं प्रवासी विमान खाली उतरवलं. पाश्चात्त्य देशांनी ठरवलं, याचं नाक दाबायचं. नाक म्हणजे पोटॅश. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने तिथल्या सरकारी पोटॅश कंपनीवर निर्बंध घातले, डिसेंबरात तिचा माल विकणाऱ्या कंपनीवर. बेलारूसला समुद्र नाही; माल लिथुएनियातल्या क्लाइपेडा बंदरातून जायचा. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुएनियाने ती रेल्वे वाहतूक बंद केली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशियाच्या खतावर निर्बंध नाहीत असं पाश्चात्त्य देश सांगत राहिले, पण रशियन माल म्हटला की जहाजवाला बिचकतो, विमा कंपनी बिचकते आणि बँक तर सगळ्यात आधी बिचकते. जानेवारी २०२१ मध्ये भारताने टनाला २४७ डॉलर दराने करार केला होता. २०२२ चा करार झाला ५९० डॉलरला.

सगळा दोष निर्बंधांचाच होता असं मी म्हणणार नाही. गॅस महागला होता, चीनने आपल्या खतांची निर्यात आवळली होती. पण पोटॅशच्या दोन मोठ्या दुकानांपैकी एकाला कुलूप आणि दुसऱ्याच्या दारात पोलीस म्हटल्यावर तिसरा भाव वाढवणारच. अप्पांना यातलं किती समजलं माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "म्हंजी त्याचा राग आपल्या उसावर."

आणि लुकाशेंको? २०२० मध्ये होते, २०२२ मध्ये होते, २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा शपथ घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने पोटॅशवरचे निर्बंध उठवले आणि त्या सौद्यात शंभरावर कैदी सुटले, नोबेल मिळालेले आलेस बियालियात्स्की त्यांत होते. ही चांगली गोष्ट आहे, ती लपवायचं कारण नाही. फक्त हिशोब पुरा मांडायचा तर त्यात लुकाशेंकोंची शाबूत खुर्ची एका बाजूला आणि पोटॅश न घातलेली शेतं दुसऱ्या बाजूला लिहावी लागतात. ही शेतं काही एकट्या कवठ्यात नव्हती. २०२२-२३ मध्ये देशभरच पोटॅशचा खप बराच घटला होता.

दुसरी गोष्ट घरातलीच आहे. माझ्या मावसभावाचा मुलगा त्या वेळी रशियात डॉक्टरकी शिकत होता. आपल्याकडची कितीतरी मुलं तिकडे जातात. इथे खासगी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून जातात, हौस म्हणून नाही. मार्च २०२२ च्या सुरुवातीला व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं. रशियाबाहेर दिलेली कार्डं तिथे चालेनाशी झाली. काही दिवसांत मोठमोठ्या रशियन बँका स्विफ्टमधून बाहेर काढल्या गेल्या. इकडे बापाच्या खात्यात कांद्याच्या पट्टीचे पैसे पडलेले आणि तिकडे पोरगं मित्राकडून उसने घेऊन पाव आणतंय. आमच्या भागातल्या बँकेचा साहेब भला माणूस, पण त्याच्याकडे एकच वाक्य होतं : वरून सूचना आल्याशिवाय रशियाला पैसे पाठवता येणार नाहीत. तीन आठवड्यांनी कुणाच्या तरी ओळखीने दुसऱ्या बँकेतून रस्ता निघाला. पोरगं उपाशी राहिलं नाही, उगाच चढवून सांगत नाही. पण क्रेमलिनचं नाक दाबायला निघालेल्या हाताखाली कवठ्याचं पोर सापडतं, हे मी पाहिलंय.

(याच युद्धात रशियाचं तेल स्वस्त झालं आणि आपल्या रिफायनऱ्यांनी ते भरभरून घेतलं. भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो एक तृतीयांशाच्या वर गेला. पुण्यात पेट्रोल काही शंभराच्या खाली आलं नाही. नाकेबंदीतही कुणाचं तरी उखळ पांढरं होतंच, फक्त ते आपलं नसतं. :) असो.)

"हे सगळं गोऱ्यांचं राजकारण, आपण असलं कधी केलं नाही" असं कुणी म्हणेल. केलंय. आपल्या शेजारीच केलंय, आपल्याच माणसांवर केलंय आणि चांगल्या हेतूने केलंय. गोव्यात.

गोवामुक्ती हा मराठी माणसाचा, त्यातही पुणेकरांचा अभिमानाचा विषय. योग्यच आहे. गोवा विमोचन सहायक समिती पुण्यातली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे पहिली तुकडी घेऊन गेले, त्यांच्याबरोबर सेनापती बापट होते. बापट आमच्या शेजारचे, कुकडी ओलांडली की पारनेर तालुका लागतो. वयाच्या पंच्याहत्तरीला आलेला माणूस पोर्तुगीजांच्या लाठ्या खायला गेला. १५ ऑगस्ट १९५५ ला तर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसच्या वर माणसं गेली. त्या हौतात्म्याबद्दल दोन मतं असू शकत नाहीत.

मला बोलायचंय ते त्या गोळीबारानंतर सरकारने काय केलं त्याबद्दल. सैन्य पाठवायला नेहरू तयार नव्हते. सत्याग्रहींचे आणखी जथे जाऊ द्यायलाही तयार नव्हते. मग उरला तो मधला मार्ग, आर्थिक कोंडी. ती १९५४ पासून हळूहळू आवळली जात होतीच, आता पुरती आवळली. कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी रेल्वे बंद. सीमा बंद. १ सप्टेंबर १९५५ ला गोव्यातली आपली वकिलात बंद. घाटावरून जाणारी भाजी, बटाटे, कांदे, कापड बंद. आणि मुंबईतून गोव्यात पैसे पाठवण्यावर बंधनं.

या शेवटच्या गोष्टीचा नीट विचार करा. त्या काळी गोव्याच्या घराघरातला एखादा तरी माणूस मुंबईत असायचा. धोबीतलावच्या, माझगावच्या कुडांमध्ये राहायचा. कुणी जहाजावर तारवटी, कुणी आचारी, कुणी बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारा, कुणी आया, आणि पेडणे-डिचोली भागातून आलेले कितीतरी मराठी बोलणारे. गावात उरायची म्हातारी माणसं, बायका, पोरं. मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चूल चालायची. सालाझार होता लिस्बनमध्ये. त्याच्या घरची चूल काही धोबीतलावच्या मनिऑर्डरीवर चालत नव्हती.

मग सालाझारने काय केलं? बाहेरून माल आणला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट. दाबोळीचा विमानतळ याच कोंडीच्या काळात बांधला गेला. खाणीतलं लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जायला लागलं, निर्यात कैक पटींनी वाढली, खाणमालक गब्बर झाले. पणजीच्या बाजारात विलायती दारू, घड्याळं, रेडिओ यांची रेलचेल. तीच घड्याळं चोरवाटांनी सावंतवाडी-बेळगावकडे यायला लागली. ज्याच्या हातात पैसा होता त्याला कोंडीचे दिवस बरेच गेले म्हणायचे. ज्याच्या घरी मुंबईचा पैसा यायचा त्याला विचारा. आणि हो, आपल्या बाजूच्यांनाही विचारा. बांद्याच्या, सावंतवाडीच्या ज्या माणसाचा रोजचा बाजार गोव्यात होता, ज्याची लेक तिकडे दिलेली होती, त्याचं नाक कुणी दाबलं? आपणच की.

सहा वर्षं हे चाललं. पोर्तुगीज हलले नाहीत. शेवटी १८ डिसेंबर १९६१ ला सैन्य आत गेलं आणि दीड दिवसात काम संपलं. गोवामुक्तीच्या गोष्टीत आपण सत्याग्रह सांगतो, सैन्य सांगतो. मधली सहा वर्षं गाळतो. का गाळतो? कारण त्यात सांगण्यासारखा पराक्रम नाही. मुलगा पैसे पाठवू शकत नाही म्हणून एखादी म्हातारी वाण्याकडे उधारी वाढवतेय, याचं स्मारक कोण बांधणार?

ही गोष्ट मी एका कार्यक्रमात बोललो तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ रागावले. म्हणाले, "तेवढं सोसावंच लागतं. स्वातंत्र्य फुकट मिळतं का?" सोसावं लागतं हे कबूल. पण सोसणं आणि सोसायला लावणं यात फरक आहे. सेनापती बापटांनी लाठ्या स्वतःच्या पाठीवर घेतल्या. पुण्यात १९०५ मध्ये परदेशी कापडाची होळी झाली तेव्हा लोकांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे टाकले. अगदी अलीकडचं, मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं. त्यांचं त्यांनी ठरवलं, तोटाही त्यांचा. याला बहिष्कार म्हणतात आणि तो करायचा प्रत्येकाला हक्क आहे. निर्बंध हे त्याच्या उलट आहेत. त्यात ठरवणारा एक, ताट ओढलं जातं तिसऱ्याचंच.

शिरूरच्या कांदेवाल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीतून एक अधिसूचना निघाली आणि कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. ते युद्ध नव्हतं आणि निर्बंधही नव्हते, पण सीमेचं दार दुसऱ्याच कुणाच्या टेबलावरून बंद होतं तेव्हा चाळीतल्या मालाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तोच शेतकरी संध्याकाळी बातम्या बघताना 'तोडा त्यांचा व्यापार' म्हणतो, याचं मला नवल वाटतं.

आता इराक. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं आणि चार दिवसांत, ६ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांनी इराक-कुवेतचा सगळा व्यापार तोडला. कुवेतमध्ये तेव्हा दीड लाखाच्या वर भारतीय होते, त्यांत आपली रत्नागिरीची, रायगडची, मुंबईची माणसं. त्यांच्यासाठी 'विश्वसिद्धी' जहाजात धान्य भरून पाठवायचं तर निर्बंधांच्या समितीची परवानगी लागली, ती सप्टेंबरात मिळाली. आपलं धान्य, आपलं जहाज, खाणारी माणसं आपली!

इराकवरचे निर्बंध पुढे २००३ पर्यंत चालले. त्यात पाच लाख मुलं मेली असा एक आकडा फार फिरला. अमेरिकेच्या मॅडलिन ऑलब्राइट यांना १९९६ मध्ये टीव्हीवर त्याबद्दल विचारलं, तेव्हा ही किंमत मोजण्यासारखी आहे असं त्या म्हणून गेल्या. तो आकडा नंतर खोटा निघाला, सद्दामच्या सरकारने पाहणीतच हात घातला होता. निर्बंधांविरुद्ध बोलणाऱ्यांनी तो आकडा वापरू नये. मीही वापरत नाही. पण आकडा खोटा ठरला तरी उत्तर खरंच होतं ना? समोर पाच लाख मुलांचा आकडा ठेवल्यावर एका मोठ्या देशाच्या प्रतिनिधीला ती किंमत परवडली. दुसऱ्याने मोजायची किंमत होती ती.

आणि सद्दाम? बाहेरून धान्य येणं थांबलं तसं त्याने देशभर रेशन सुरू केलं. घरटी कार्ड, दरमहा पीठ, तांदूळ, साखर, तेल. व्यवस्था चांगली चालली असं परदेशी अधिकारीही म्हणत. ज्याच्या हातात पिठाची पिशवी त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? ज्या लोकांनी उठाव करावा अशी निर्बंध घालणाऱ्यांची अपेक्षा, तेच लोक पोटासाठी त्याच्या दारात रांगेत उभे राहिले. रेशनच्या दुकानदाराशी वाकडं घेऊ नये हे आपल्या आजीला कळायचं, ते न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या विद्वानांना कळलं नाही.

या सगळ्यावर एक उत्तर हमखास येतं, दक्षिण आफ्रिका. तिथे निर्बंधांनी काम केलं की नाही? केलं, निदान हातभार लावला. आणि वर्णभेदाविरुद्ध व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, १९४६ मध्ये, याचा मला अभिमान आहे. पण तिथे ज्यांचं नाक दाबलं जाणार होतं त्यांचेच पुढारी जगाला सांगत होते, आमच्या देशाचा माल घेऊ नका. लुथुलींनी १९५९ मध्ये हेच मागितलं. सोसणाऱ्याने मागितलं, तिथे माझं म्हणणं संपलं. गोव्याच्या बाबतीत मुंबईतल्या काही गोवेकर पुढाऱ्यांना कोंडी हवी होती हे खरं. पेडण्याच्या म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं.

"मग काय हातावर हात ठेवून बसायचं का?" असं अप्पांचा मुलगा विचारतो. नाही. शस्त्रं विकू नका. राज्यकर्त्यांची लंडन-दुबईतली घरं जप्त करा, त्यांची जहाजं अडवा, त्यांच्या पोरांना व्हिसा देऊ नका. यात कुणाची चूल विझत नाही. आणि व्यापार तोडायचाच असेल तर धान्य, औषध, खत आणि घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेले पैसे, एवढं बाहेर ठेवा. हे नियमात लिहिलेलं असतं, असं सांगतात. असतंही. पण चूक झाली तर लाखो डॉलरचा दंड बँकेला होणार, आणि शंभर खरे व्यवहार अडवले तर कुणी चकार शब्द विचारणार नाही, अशी रचना असेल तर बँक काय करेल? साहेबाने आम्हाला तेच केलं. मावसभाऊ फीची पावती, पोराच्या पासपोर्टची झेरॉक्स, कॉलेजचं पत्र सगळं घेऊन तीनदा गेला. नियमात बंदी कुठे लिहिली आहे ते दाखवा म्हणाला, तर ते साहेबाला दाखवता आलं नाही. चालतं असं लिहिलेला कागदही त्याच्याकडे नव्हता.